डोकेदुखीचे दिवस मोजणार कोण?

‘डोकेदुखीची गोळी द्या.’ ‘साधी की स्ट्राँग?’ मेडिकलच्या काउंटरवर एवढ्या दोन वाक्यांत व्यवहार उरकतो. गोळी कुणासाठी हवी हे गिऱ्हाईक सांगत नाही, दुकानदार विचारत नाही, आणि याच महिन्यात ही पट्टी कितव्यांदा चालली आहे हे दोघांच्याही खिजगणतीत नसतं. तीव्र आणि जुनाट मायग्रेनवरच्या उपचारांचा आढावा घ्यायचा तर या न विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते. या आजारावर औषधं आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही अगदी स्वस्त आहेत. तरी रुग्ण वर्षानुवर्षं सोसत राहतो, कारण दुखण्याचा प्रत्येक झटका सुटा धरून त्याच्यावर सुटा इलाज होतो. सगळे झटके मिळून जो एक आजार होतो, त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

दुखणं केवढं?

आजारांची क्रमवारी दोन प्रकारे लावता येते. माणसं कशाने मरतात ही एक यादी आणि काय सोसत जगतात ही दुसरी. पहिल्या यादीत मायग्रेनला जागा नाही. दुसऱ्या यादीत मात्र, जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या आकड्यांनुसार, तो जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. जगभरात शंभर कोटींहून जास्त लोकांना हा त्रास आहे. शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांमधलं वर्षभरातलं प्रमाण २५.२ टक्के निघालं, म्हणजे चौघांत एक.

या चौघांतल्या एकाला बहुधा महिन्या-दोन महिन्यांतून एखादा झटका येतो. तो दिवस अंधाऱ्या खोलीत काढून माणूस पुन्हा कामाला लागतो. खरी पंचाईत होते ती जुनाट मायग्रेनवाल्यांची. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यांतल्या निदान ८ दिवसांचं दुखणं मायग्रेनच्या वळणाचं असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल, तर तो जुनाट मायग्रेन. लोकसंख्येच्या एक ते दोन टक्के माणसं यात मोडतात. अधूनमधून त्रास होणाऱ्यांपैकी दरवर्षी साधारण तीन टक्के या टोकाला सरकतात, आणि सरकताना त्यांना ते कळतही नाही.

मायग्रेनचं वळण ओळखायला मशीन लागत नाही. झटका ४ ते ७२ तास टिकतो. दुखणं बहुतेकदा एका बाजूला असतं, ठणकतं, जिना चढलं की वाढतं. मळमळतं किंवा उलटी होते. उजेड आणि आवाज सोसवत नाही, फोडणीचा वास नकोसा होतो. काहींना आधी पाच मिनिटं ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा दिसतात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्तिदेस लियाव यांनी १९४४ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरून हळूहळू सरकणारी एक विद्युत-लाट नोंदवली होती. या रेषांच्या मागे तीच लाट असते, असं आज मानलं जातं.

डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून डोकं ठणकतं, ही समजूत बराच काळ टिकली. १९९० च्या सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढलेलं आढळलं. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस हे द्रव्य सोडते. या धाग्यावरून पुढे नव्या औषधांची एक पिढीच उभी राहिली. गोड्सबी, एडविन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. मायग्रेन हा मज्जासंस्थेचा आजार आहे, स्वभावाचा दोष नाही, हे प्रयोगशाळेत केव्हाच ठरलं आहे. घराघरांत ते अजून ठरायचं आहे.

पित्त, चष्मा, सायनस, मणका

आपल्याकडे मायग्रेनचा रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतो तो बरीच वळणं घेऊन. पहिलं वळण पित्ताचं. डोकं चढलं, उलटी झाली आणि उलटीनंतर उतार पडला, की घरात निदान होऊन जातं: ‘पित्त झालं होतं, पडून गेलं.’ उलटीनंतर डोकं हलकं होणं हे मायग्रेनमध्ये नेहमीचंच आहे. पण पित्त ठरलं की कोकम सरबत येतं, अँटासिड येतं आणि मूळ दुखण्याचं नाव मागे पडतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नसलं की डोकं उठणाऱ्यांनाही वाटतं ते पित्तच. उपाशी राहणं हे मायग्रेनचं जगभर मान्य असलेलं निमित्त आहे.

दुसरं वळण चष्म्याचं. नंबर बदलतो, डोकं तसंच राहतं. तिसरं सायनसचं. कपाळ आणि गाल दुखतात, नाकातून पाणी येतं, त्यामुळे सायनसचा संशय रास्त वाटतो. पण झटक्यात नाक वाहणं हेसुद्धा त्याच ट्रायजेमिनल नसेचं काम असू शकतं. आपल्याला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं मानणाऱ्या जवळपास तीन हजार जणांची अमेरिकेत तपासणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. चौथं वळण मणक्याचं. मायग्रेनमध्ये मान आखडते, चाळिशीनंतरच्या एक्स-रेत मणक्याची झीज दिसतेच, आणि गळ्यात पट्टा येतो.

मग कुणीतरी एमआरआय सांगतं. मायग्रेनमध्ये तो सहसा नॉर्मलच येतो. त्याने गाठ नाही हा दिलासा मिळतो खरा, पण घरात तोच कागद रुग्णावर उलटतो. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग दुखतं कुठे?’ एमआरआय मायग्रेन सिद्ध करत नाही आणि खोडूनही काढत नाही. मायग्रेनचं निदान होतं ते रुग्णाच्या तोंडून, नीट विचारलं तर.

नीट विचारायला मात्र वेळ लागतो आणि ओपीडीत तोच नसतो. ‘कधीपासून दुखतं?’ ‘झाली की बरीच वर्षं.’ ‘किती वेळा?’ ‘सारखंच दुखतं हो.’ एवढ्यावर लिहून दिलेली चिठ्ठी आणि मेडिकलवाल्याची ‘स्ट्राँग’ गोळी यांत फार अंतर उरत नाही. हा दोष एकट्या भारताचाही नाही. अमेरिकेतल्या जुनाट मायग्रेनच्या १,२५४ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांच्यातले सुमारे ४१ टक्के डॉक्टरकडे जात होते. जाणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्यालाच बरोबर निदान मिळालं, आणि त्यांतल्याही निम्म्याहून कमी जणांना झटक्यावरचं आणि झटके टाळण्याचं अशी दोन्ही औषधं मिळाली. तिन्ही चाळण्यांतून शेवटी पार पडले ते ४.५ टक्के. पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही असलेल्या देशातली ही गत आहे.

गोळीच दुखण्याचं कारण होते तेव्हा

वरच्या वळणांवर रुग्णाच्या सोबतीला सतत असते ती गोळी, आणि तीच त्याला जास्तीत जास्त अडकवते. मायग्रेनची प्रवृत्ती असलेल्या माणसाने वेदनाशामकं ठरावीक मर्यादेबाहेर घेतली की मेंदूची वेदनायंत्रणा अधिकच हुळहुळी होते आणि रोज डोकं दुखू लागतं. ही मर्यादा आकड्यांत ठरलेली आहे. पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामीन ही मायग्रेनवरची औषधं, अफूवर्गीय औषधं किंवा मिश्र गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर डोकेदुखीला औषधाचा अतिरेकच कारण असण्याची दाट शक्यता असते.

आपल्याकडे डोकेदुखीवर खपणाऱ्या गोळ्यांत मिश्र गोळ्यांचा भरणा मोठा, आणि त्यांत कॅफीनही असतं. केंद्र सरकारने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा ‘सॅरिडॉन’चं मिश्रणही त्या यादीत होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याला दिलासा मिळाला. कायदेशीर वाद काहीही असो, रुग्णाला लक्षात ठेवायचा आहे तो दहा दिवसांचा आकडा. एर्गोटामीनच्या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा आहे. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

या सापळ्यातून बाहेर पडायचं तर गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि थांबवल्यावर पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं. बरेच लोक इथेच माघार घेतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अफूवर्गीय औषधं किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकाएकी बंद करणं धोक्याचं. तिथे डॉक्टरांची देखरेख हवीच. डेन्मार्कमधल्या २०२० च्या एका चाचणीत गोळ्या बंद करणं आणि झटके टाळणारं औषध सुरू करणं ही दोन्ही कामं एकदमच केलेल्यांना उत्तम गुण आला.

दोन खात्यांची औषधं

मायग्रेनची औषधं दोन खात्यांत मांडावी. पहिलं खातं झटक्याचं. इथे नियम एकच: पुरेशी मात्रा, आणि तीही लवकर. कळ डोक्यात भिनेपर्यंत दात-ओठ खाऊन थांबलं की पोटाची हालचाल मंदावते आणि गोळी आत पडून राहते. साध्या गोळीने भागत नसेल तर ट्रिप्टान वर्गातली सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधं आहेत. सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत बसलं. हृदयविकार, पक्षाघात किंवा काबूत नसलेला रक्तदाब असलेल्यांना ते चालत नाही.

दुसरं खातं प्रतिबंधाचं, आणि जुनाट मायग्रेनमध्ये खरी भिस्त त्याच्यावर. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट, कँडेसार्टन आणि भारतात सर्रास लिहिलं जाणारं फ्लुनारिझिन. यांतलं एकही औषध मुळात मायग्रेनसाठी जन्मलेलं नाही. कुणी रक्तदाबाचं, कुणी फिट्सचं, कुणी नैराश्याचं. म्हणूनच निवड रुग्ण बघून करायची. दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल नको. झोप नसलेल्याला रात्रीचं थोडं अमिट्रिप्टिलीन सोयीचं. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, सुस्ती येते, मन खचतं आणि वयस्कांना कंपवातासारखी लक्षणं होऊ शकतात. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट देऊ नये, कारण गर्भात व्यंग येण्याचा धोका मोठा आहे. गर्भारपणात टोपिरामेटही टाळावं.

रुग्णांची फसगत होते ती इथे. प्रतिबंधाची गोळी झटक्यावरच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. योग्य मात्रा गाठल्यावर दोनेक महिने दिल्याशिवाय तिला नापास करता येत नाही. ‘आठवडाभर घेतली, काही फरक नाही’ म्हणून बंद केलेली औषधं पुढच्या डॉक्टरला ‘सगळं करून झालं’ अशी सांगितली जातात. अपेक्षाही बेताची ठेवावी लागते. मुळासकट बरं करण्याची हमी कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. महिन्याचे वीस दिवस दहावर आले तरी संसार आणि नोकरी पुन्हा मार्गी लागतात.

या गोळ्यांनी भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेत २०१० मध्ये बोट्युलिनम टॉक्सिनला जुनाट मायग्रेनसाठी मान्यता मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ जागी बारीक सुया, एकूण १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. २०१८ मध्ये एरेनुमॅब आलं आणि त्यापाठोपाठ सीजीआरपीवर थेट नेम धरणारी इतर इंजेक्शनं. मायग्रेनच टाळण्यासाठी घडवलेली ही पहिली औषधं. गेपंट वर्गातल्या गोळ्या त्याच रस्त्याने काम करतात. यांतली काही भारतातही मिळतात, पण दर महिन्याचा खर्च मध्यमवर्गालाही जड जाईल असा आहे.

झटका आवरत नाही तेव्हा

७२ तास उलटूनही झटका उतरत नसेल, पोटात पाणी ठरत नसेल, तर दवाखाना गाठावाच लागतो. कॅज्युअल्टी ही मायग्रेनच्या रुग्णासाठी सगळ्यांत वाईट जागा: डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी स्ट्रेचरची खडखड, आणि अपघाताच्या पेशंटपुढे डोकेदुखीचा नंबर शेवटचा. त्यातच ‘इंजेक्शन द्या’ म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत शिरेतून मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि त्वचेखाली सुमाट्रिप्टान यांना पहिली पसंती आहे, आणि मॉर्फिनसारखी अफूवर्गीय इंजेक्शनं टाळायला सांगितलं आहे. आपल्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर निदान, चालू औषधं, कशाने उतार पडतो आणि कशाची ॲलर्जी आहे एवढं लिहून घेतलेलं असलं, की रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरचंही काम सोपं होतं.

काही वेळा मात्र मायग्रेनची ओळख बाजूला ठेवून तडक रुग्णालयात जावं: क्षणार्धात कळस गाठणारी, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, फिट, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, दिवसेंदिवस अंधुक होत जाणारी नजर. बाळंतपणानंतरच्या दिवसांत सतत डोकं दुखणं ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका त्या काळात वाढतो आणि भारतात तो नेहमी दिसतो.

बाईचं डोकं

मायग्रेन बायकांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. इस्ट्रोजेनची पातळी घसरते तेव्हा, म्हणजे पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, अनेकींना ठरलेला झटका येतो. ज्यांना नागमोडी रेषांचा मायग्रेन आहे त्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत निषिद्ध आहेत, कारण पक्षाघाताची जोखीम वाढते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ही गोष्ट आपणहून सांगायला हवी.

घरातली अडचण वेगळीच असते. दुखणं दिसत नाही, काम दिसतं. ‘पाहुणे आले की हिचं डोकं उठतं’ हे वाक्य ऐकून घेतलेली बाई पुढच्या वेळी गोळी गिळून ओट्यापाशी उभी राहते, आणि महिन्याचे दहा दिवस कधी ओलांडले जातात ते तिलाही कळत नाही. नैराश्य आणि चिंता जुनाट मायग्रेनच्या जोडीने वारंवार येतात. ‘जगणं नको झालंय’ हे त्रासून बोललेलं वाक्य म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानावर घालावं. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून चालू आहे.

योग, वैद्य आणि न्हाणं

निमित्तं टाळणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि आपली निमित्तं आपल्या जगण्यातून येतात. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ‘सेफॅलाल्जिया’ या नियतकालिकात अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली, ज्यांना डोक्यावरून न्हाण्याने झटका येत असे. ऊन, जागरण, उपवास, उग्र वास हे तर नेहमीचेच. पण निमित्तांच्या मागे लागून ताटातला एकेक पदार्थ वर्ज्य करत बसण्यात हशील नाही. वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि रोजचा व्यायाम यांनी त्याहून जास्त साधतं.

योगाबद्दल चांगला पुरावा आपल्याकडचाच आहे. दिल्लीच्या एम्सने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांचे झटके आणि गोळ्या नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. मात्र ते अधूनमधून त्रास होणारे रुग्ण होते, आणि त्यांनी औषध सोडलं नव्हतं. आयुर्वेदातल्या नस्य, शिरोधारा या उपचारांनी बरं वाटल्याचं अनेक जण सांगतात; त्यांच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या मात्र हव्यात. वैद्यांकडून भस्मं किंवा मात्रा चालू असतील तर ते न्यूरोलॉजिस्टपासून लपवू नये.

खर्च आणि हिशेब

जुनाट मायग्रेन हा ओपीडीचा आजार आहे, आणि आपल्या विम्याची घडण भरती होण्याभोवती आहे. मेडिक्लेममध्ये साधारणपणे दाखल झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. महिन्याची औषधं आणि तपासणी फी खिशातून जाते. न्यूरोलॉजिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. केईएम किंवा ससूनच्या ओपीडीत यायचं तर लांबच्या माणसाचा दिवस आणि रोजगार बुडतो. पण प्रोप्रानोलॉल आणि अमिट्रिप्टिलीन ही स्वस्त जेनेरिक औषधं आहेत. ती सुरू करणं, दोन महिने धीर धरायला लावणं आणि गोळ्यांची मर्यादा बजावणं हे तालुक्याच्या फॅमिली डॉक्टरला जमण्यासारखं काम आहे. त्यातून जे सुटणार नाहीत त्यांनाच शहरात पाठवावं.

यासाठी डॉक्टरला हवा असतो एक आकडा, आणि तो फक्त रुग्ण देऊ शकतो. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरात दुधाचा खाडा मांडतात, त्याच चौकटीत दोन खुणा करायच्या: डोकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब. पाळीची तारीख तिथे बहुधा असतेच. तीन महिन्यांची ती पानं फोटो काढून नेली, की ‘सारखंच दुखतं’ या उत्तराच्या जागी ‘महिन्यात अठरा फुल्या, चौदा टिंबं’ असं उत्तर येतं. त्यावरून जुनाट आहे की नाही हे ठरतं, गोळ्यांचा अतिरेक कळतो, पाळीशी संबंध दिसतो, आणि औषध लागू पडलं का हेही पुढच्या वेळी वादाशिवाय समजतं.

रक्तदाब आणि साखर यांचा आकडा विचारल्याशिवाय आज कुठलाही डॉक्टर औषध लिहीत नाही, कारण ते आजन्म सांभाळायचे आजार आहेत हे आपण मान्य केलं आहे. मायग्रेनला हा दर्जा द्यायला नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘महिन्यातले किती दिवस दुखतं आणि किती दिवस गोळी घेता?’ हा प्रश्न ओपीडीत डॉक्टरने आणि काउंटरवर मेडिकलवाल्याने विचारायची सवय लावली, तर वर्षानुवर्षं गोळ्यांवर दिवस ढकलणारी कितीतरी माणसं तिथल्या तिथे ओळखू येतील, आणि त्यांच्यासाठी लागणारं पहिलं औषध बहुतेकदा त्याच दुकानाच्या फळीवर असेल.